नाकपुडीशेजारचा ठिपका

कार्डाला भोक पडलं होतं. फार मोठं नाही, सुईचं टोक जाईल एवढं. पण खिडकीसमोर धरलं तेव्हा त्यातून उजेड आला आणि मी घाबरले. सकाळचे सव्वादहा झाले होते. दिवसभरात कोण कोण येणार त्यांची कार्डं कपाटातून काढायची आणि वेळेप्रमाणे लावून ठेवायची, हे पार्लरमधलं माझं रोजचं पहिलं काम. ते मी एका हातात चहाचा कप धरून, अर्धवट झोपेत उरकते. चार वाजताचं कार्ड शिवणाच्या बाईंचं होतं. साडेचार वर्षांचं जुनं, कोपरे मऊ पडलेलं. प्रत्येक कार्डावर असतो तसा त्यावरही एक कोरा चेहरा छापलेला, दोन डोळे, नाक, ओठ, हसतही नाही आणि रडतही नाही असा. त्या चेहऱ्याच्या डाव्या नाकपुडीशेजारी, नाक संपून गाल सुरू होतो त्या घळीत, कागद झिजून पातळ झाला होता, आणि मधोमध ते भोक.

ही कार्डांची पद्धत मालकिणीची. गिऱ्हाईक खुर्चीवर आडवं झालं की भिंगाच्या दिव्याखाली त्याचा चेहरा न्याहाळायचा, आणि जिथं जिथं ब्लॅकहेड दिसेल तिथं तिथं कार्डावर पेन्सिलीनं ठिपका द्यायचा. मग वाफ, मग काढायचं काम. काढून झालं की बाईला उठवून बसवायचं, कार्ड तिच्यापुढं धरायचं आणि तिच्यादेखत एकेक ठिपका खोडरबरानं खोडायचा. हा निघाला. हा निघाला. हाही निघाला. जो निघाला नसेल तो तसाच ठेवायचा, पुढच्या वेळी बघू म्हणायचं. मालकीण म्हणते, बायकांचा आरशापेक्षा खोडरबरावर जास्त विश्वास बसतो, आणि ते काही खोटं नाही. आरशात नाक लालभडक झालेलं दिसतं, कार्डावर मात्र चेहरा धुऊन काढल्यासारखा कोरा होतो, आणि बाई खूश होऊन पुढच्या महिन्याची वेळ ठरवून जाते.

आता कुणी म्हणेल, त्यात एवढं काय घाबरायचं? ब्लॅकहेड परत येतातच. मीही उभ्या उभ्या स्वतःला हेच सांगितलं. एकदा भरलेलं छिद्र पुन्हा भरतं, त्यावरच तर आमचं पोट चालतं. पण ते इकडंतिकडं येतात, कधी नाकाच्या शेंड्यावर, कधी हनुवटीच्या खाचेत. बाईंच्या कार्डावर नाकाचा बाकीचा भाग सगळीकडं सारखा करडा झाला होता, ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीसारखा. भोक मात्र एकाच जागी. मी कार्ड उलटलं. मागं तारखा होत्या. नजरेनं मोजल्या, मग कप खाली ठेवून बोट लावून मोजल्या. तो ठिपका पहिल्यांदा कधी दिला ते मला पक्कं आठवत होतं, कारण त्याच दिवशी दिव्याला नवं भिंग बसवलं होतं आणि त्याखाली सगळंच इतकं मोठं दिसत होतं की मी म्हणाले होते, “बाई, हा एक नवाच पाहुणा आलाय बघा.” त्या तारखेपासून चौदा. महिन्याला एक. चौदा वेळा मी तिथं दाबलं होतं, आणि चौदा वेळा खोडरबर फिरवून “निघाला” म्हटलं होतं. तो एकदाही निघाला नव्हता.

हे मला आज सकाळी कळलं असं नाही, हेच तर वाईट आहे. ब्लॅकहेड निघतो तेव्हा हाताला कळतं. आमच्याकडं स्टीलची काडी असते, तिच्या टोकाला बारीक कडी. ती कडी छिद्राभोवती टेकवायची, जरासा दाब द्यायचा, आणि आतून तांदळाच्या कणीएवढी पिवळट खुंटी वर येते, तिचं फक्त डोकं काळं. ती येते तेव्हा बोटाखाली काहीतरी सैल होतं. अकरा वर्षं हे काम करते मी, तो सैलपणा डोळे मिटूनही ओळखीन. बाईंच्या त्या जागी कधीच काही सैल झालं नाही. दाबलं की रक्ताचा एक थेंब यायचा, लालबुंद, टपोरा. मी तो कापसानं टिपायची, वर थंड जेल लावायची आणि दुसऱ्या ठिपक्याकडं वळायची. पुढच्या महिन्यात तिथं खपली असायची. ती निघाली की खाली पुन्हा तो काळा ठिपका, जरासा रुंद. जरासा रुंद. हे मी पाहिलं होतं का? पाहिलं असणारच, डोळ्यांसमोर भिंग होतं. पण पाहणं आणि मनावर घेणं यांच्यामध्ये माणूस काय काय कोंबू शकतो याचा मला तोवर अंदाज नव्हता.

पावणेअकराला बँकेतली आली. ही दर वेळी एकच प्रश्न विचारते, “घाण किती निघाली गं?” आणि मी दर वेळी तेच उत्तर देते, की ती घाण नसते हो. आपल्याच त्वचेचं तेल असतं, छिद्रात साठतं, आणि वर हवा लागली की काळं पडतं. म्हणून घासून जात नाही. घासाल तेवढं तेल जास्त सुटतं. दिवसातून दोनदा सौम्य साबणानं तोंड धुवा, रात्री मेकअप ठेवून झोपू नका, उशीचा अभ्रा आठवड्याला बदला, तेलकट क्रीम लावू नका, आणि नखं तर अजिबात लावू नका. हे सगळं मी झोपेतसुद्धा म्हणू शकते. आज म्हणताना माझा आवाज मला लांबून कुणाचा तरी ऐकू येत होता, आणि नखं लावू नका म्हणताना जीभ जराशी अडखळली. “तुझा हात आज गार आहे,” बँकेतली म्हणाली. मी हात गरम पाण्यात बुडवून आले. पंख्याचं निमित्त सांगितलं. पंखा बंद होता.

सकाळी घरी मुलीला यावरूनच ओरडले होते. ती तेरा वर्षांची आहे आणि तिच्या नाकावर आता पहिले ठिपके दिसायला लागलेत. मी भाजी चिरत होते, ती बाथरूममधून बाहेरच येईना. दार ढकललं तर नाकावर टूथपेस्टचा थर लावून आरशासमोर उभी, डोळ्यांतून पाणी वाहतंय. “झोंबतंय म्हणजे काम करतंय,” म्हणाली. मी तिचं तोंड नळाखाली धरलं आणि वाट्टेल तसं बोलले. आई पार्लरमध्ये आणि पोरगी टूथपेस्ट लावते, लोक काय म्हणतील, कातडी जाळून घ्यायचीय का. ती म्हणाली, “मग तू काढ ना माझे. सगळ्या जगाचे काढतेस.” मी म्हटलं, “तुझ्या वयात नाही काढायचे, धुवायचं फक्त, आपोआप कमी होतात.” तिनं माझ्याकडं अशी काही नजर टाकली की जणू मी तिच्यापासून काहीतरी लपवतेय. माझ्या आईनं माझे काढले होते, डोक्यातल्या पिनेनं. सुटीच्या दिवशी दुपारी, खिडकीत बसवून, माझं डोकं मांडीत घट्ट धरून. ती काढायची आणि प्रत्येक वेळी नखावर घेऊन मला दाखवायची, हा बघ. मी ओरडले तर म्हणायची, हलू नकोस, राहील अर्धा आत. धाकटी बहीण दारात उभी राहून मला “चाळणी, चाळणी” म्हणून चिडवायची. आईच्या हाताला कांद्याचा वास असायचा. दुखायचं, पण आईनं कधी न निघालेला निघाला म्हणून सांगितला नाही.

ते मी सांगायला शिकले बहिणीपायी. ती सहा वर्षांची असेल, मी दहाची. तिच्या पायाच्या तळव्यात लाकडाची कूस, बारीक ढलपी, गेली होती आणि आई बाहेर गेली होती. मी सुई घेऊन बसले. कूस दिसतही होती, काळी रेघ, पण सुई लावली की ती किंचाळायची आणि पाय ओढून घ्यायची. शेजाऱ्यांनी दार वाजवलं. शेवटी मी हात झटकला, सुईचं टोक तिच्या नाकासमोर धरलं आणि म्हटलं, “निघाली.” टोकावर काहीच नव्हतं. तिनं पाहिलं, हुंदका गिळला, आणि म्हणाली, “आता दुखत नाही.” खरंच दुखायचं थांबलं तिचं. लंगडत का होईना, खेळायला गेली. चार दिवसांनी तिथं पू झाला आणि कूस आपोआप बाहेर आली, आईला कळलंसुद्धा नाही. ज्याला ऐकायचं असतं त्याला शब्दानंच बरं वाटतं, हे मला त्या दिवशी इतकं लख्ख कळलं की पुढं मी त्यावर नोकरीच केली असं म्हणायला हरकत नाही. दातवाला काय, इंजेक्शनवाली काय, सगळेच म्हणतात झालं झालं. पण माझ्या डोक्यात दुपारभर एकच घोळत राहिलं, की त्या वेळी कूस स्वतःहून बाहेर आली म्हणून मी सुटले. नसती आली तर?

आणि मला शिकवलंही नव्हतं असं नाही. पार्लरच्या कोर्सला शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. त्यांचा नियम होता, तीनदा दाबा, नाही आला तर सोडून द्या, पुढच्या महिन्यातही नाही आला तर हात लावू नका आणि डॉक्टरकडं पाठवा. शेवटच्या आठवड्यात त्यांनी एक तक्ता भिंतीला लावला, त्यावर सात-आठ फोटो. “हे तुमचे नाहीत,” म्हणाल्या. न भरणारी जखम, वारंवार रक्त येणारी जागा, चकचकीत कडेचा फोड, रंग बदलणारा तीळ. आम्ही पोरी नाकं मुरडून हसत होतो, कुणीतरी म्हणालं जेवणाआधी कशाला दाखवतात. परीक्षेत त्यावर प्रश्न आला, पाच गुणांचा. मला पाचपैकी पाच मिळाले होते. म्हणजे मला येत होतं. येत नसतं तर किती बरं झालं असतं, अडाणीपणाच्या मागं लपता तरी आलं असतं.

मालकीण साडेबाराला आली. मी कार्ड तिच्यापुढं ठेवलं. ती म्हणाली, “अगं मग नवं कर ना, कार्डांचा गठ्ठा पडलाय तो कशाला?” मी म्हटलं, “कार्डाचं नाही म्हणत. त्या जागेचं म्हणतेय. तो ब्लॅकहेड नाहीये बहुतेक.” मालकिणीनं चष्मा काढला. ती चष्मा काढते तेव्हा विषय गंभीर आहे असं समजायचं. “बहुतेक म्हणजे? तू डॉक्टर आहेस?” नाही म्हटलं. “मग जे आपल्याला कळत नाही ते बोलायचं कशाला? आज तिथं हात लावू नकोस. वाफ नको, नुसता मसाज कर, म्हणावं आज त्वचा नाजूक दिसतेय. आणि जाता जाता सहज म्हण, एकदा डॉक्टरला दाखवून घ्या. संपलं.” मी म्हटलं, “आणि मागचे चौदा महिने?” ती म्हणाली, “मागचं कोण विचारतंय? उगाच स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ नकोस. माझ्याही.” मालकीण वाईट बाई नाही. मुलीला कावीळ झाली होती तेव्हा तिनं मला तीन आठवडे घरी बसू दिलं आणि एका शब्दानं काही म्हटलं नाही. म्हणूनच तिचं म्हणणं मला ऐकावंसं वाटत होतं. सहज म्हण. किती सोपं. मनातल्या मनात मी ते वाक्य म्हणूनही पाहिलं, एकदा हसत, एकदा टॉवेल घडी करता करता.

पण सहज म्हटलेलं बाई ऐकणार नाहीत, हे मला माहीत होतं, आणि त्याचं कारण मीच होते. बाईंची भाची, बहिणीची मुलगी, डॉक्टर आहे, तिचा स्वतःचा दवाखाना आहे. बाईंना मूलबाळ नाही, ही भाचीच काय ती. सातआठ महिन्यांपूर्वी बाई खुर्चीवर आडव्या होता होता सांगायला लागल्या, “काल आली होती. म्हणे मावशी, ते नाकाजवळचं मला नीट बघू दे, मला ते आवडत नाहीये. मी म्हटलं, शहाणपणा नको, तू तुझे पेशंट बघ. माझ्या नाकाचं बघणारी आहे. दर महिन्याला काढते ती, साधा ब्लॅकहेड आहे म्हणाली. तर केवढी चिडली! म्हणे डॉक्टर मी आहे का ती? मी म्हटलं, तिचा हात तुझ्यापेक्षा हलका आहे.” आणि त्या हसल्या, आणि मीही हसले. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. सांगायला लाज वाटते, पण खरंच बरं वाटलं होतं, छाती जराशी फुगली होती. त्या वादानंतर मावशी-भाचीत अबोला झाला तो आजवर. बाई अधूनमधून म्हणायच्या, येईल झक मारत. ती आली नाही.

एक वाजता मी डबा उघडला आणि बंद केला. मागच्या खोलीत टॉवेल वाळत होते, त्यांचा ओला वास नकोसा झाला, म्हणून बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. समोरून माणसं येत होती, जात होती. एक बाई माझ्याकडं बघून हसली आणि मी तिला ओळखलं नाही. हे माझं नेहमीचं आहे. मी डोक्यामागं बसून काम करते, त्यामुळं गिऱ्हाइकांचे चेहरे मला उलटे पाठ असतात, हनुवटी वर आणि कपाळ खाली. उभी राहून समोर आली की कोण ही, असं होतं. घरी हा विनोदाचा विषय आहे, नवरा म्हणतो तुला लग्नाच्या वेळी मला आडवा करून दाखवायला हवा होता. आज त्या बाईच्या मागं बघत मी विचार करत होते, हिच्या नाकावर मी किती वेळा खोडरबर फिरवलाय? हिला काय म्हणाले होते? अकरा वर्षं. दिवसाला सहा चेहरे. हिशेब डोक्यात आपोआप सुरू झाला आणि मी तो जोरानं थांबवला. आजारी आहे म्हणून घरी निघून जावं, चार वाजता बाईंचं आमच्याकडची केस कापणारी, केसवाली करेल, असंही मनात येऊन गेलं. केसवालीनं बाईंचं केलं असतं. तिनंही तो ठिपका पाहिला असता, आणि दाबलाही असता.

बाई चारला पाच मिनिटं असताना आल्या. येतातच तशा, लवकर. भिंतीला हात लावत. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे धूसर झालेत, एकाचं ऑपरेशन झालं ते काही नीट लागू पडलं नाही. चाळीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं त्यांनी, आणि आता सुईत दोरा ओवता येत नाही याचं त्यांना जगातल्या बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त वाईट वाटतं. “आरशात मला एक फिकट ताट दिसतं,” त्या एकदा म्हणाल्या होत्या, “त्यात नाकडोळे मी आठवणीनं भरते.” शेवटी मी कार्ड समोर धरलं की त्या हात हलवायच्या, “मला नको दाखवू, तू नुसतं खोड. मी ऐकते.” आणि मान जराशी तिरकी करून खोडरबराची खसखस ऐकत बसायच्या. आज त्यांनी पिशवीतून शिवलेला एक रुमाल काढला. “तुझ्या मुलीला. टीप वाकडी आहे, बोटांनी चाचपत घातली. पण घातली.” मी रुमाल घेतला. टीप वाकडी होती. मी थँक्यू म्हटलं आणि त्याची घडी घातली.

त्यांना आडवं केलं, केसांना पट्टी बांधली, दुधानं चेहरा पुसला. दिवा ओढून जवळ आणला. मग मी तिथं पाहिलं, पहिल्यांदा पाहिल्यासारखं. तो ठिपका नव्हताच. मध्ये काळसर, खडबडीत, आणि भोवती किंचित उंचवटा, गुळगुळीत, मेणासारखा चमकणारा, आणि त्या कडेवरून लाल दोऱ्यासारख्या दोन बारीक शिरा गेलेल्या. तक्त्यावरचा फोटो डोळ्यांसमोर आला, त्याच्या खालचं अक्षरसुद्धा. मी कपाळापासून मसाज सुरू केला. कपाळ, भुवया, गाल. बोटं नाकाजवळ आली की आपोआप वळसा घालत होती. बाई बोलत होत्या, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या कुत्र्याबद्दल काहीतरी. मी हं हं करत होते. पडद्याच्या पलीकडं मालकीण खुर्ची सरकवत होती, एकदा, दोनदा, मला ऐकू जाईल अशी.

“आज वाफ नाही देत?” बाई म्हणाल्या.

“आज जरा त्वचा नाजूक दिसतेय,” मी म्हटलं. वाक्य तयारच होतं, सुटलं.

“बरं. आणि तो आपला पाहुणा? आलाय का परत?”

“आलाय.”

“मग काढ की त्याला. मागच्या वेळी मी घरी गेल्यावर दोन दिवस रक्त येत होतं. पण म्हटलं, निघाला ना, मग येऊ दे.”

माझे हात त्यांच्या गालांवर होते. ते काढून घ्यावेत का तसेच ठेवावेत ते मला कळेना. दिव्याच्या उजेडात त्यांचं तोंड उलटं, शांत, डोळे मिटलेले, पापण्यांखाली बुबुळं हलत होती. मी म्हटलं, “बाई, तो निघाला नव्हता.”

“अर्धा राहिला असेल.”

“नाही. कधीच निघाला नव्हता. चौदा महिन्यांत एकदाही नाही. मी दाबायची, रक्त यायचं, आणि मी खोडून टाकायची. निघाला म्हणायची मी नुसतंच.”

पलीकडं खुर्चीचा आवाज थांबला. बाईंचे डोळे उघडले आणि सरळ वर, छताकडं बघत राहिले. मला वाटलं त्या ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. “नुसतंच का?” त्या म्हणाल्या. कारणं होती मनात. तुम्ही विचारायचात म्हणून. बाहेर पुढची थांबलेली असायची म्हणून. तुम्हाला बरं वाटायचं म्हणून, आणि तुम्हाला बरं वाटलं की मला. मी फक्त म्हटलं, “माझं चुकलं.” ते फारच लहान वाटलं, पाय लागल्यावर म्हणतात तेवढं. त्यांनी हात वर केला आणि नाकाची कड चाचपत आल्या, टीप चाचपावी तशा, आणि त्या जागेवर बोट थांबलं. “खरबरीत आहे,” त्या म्हणाल्या. “काय आहे हे?”

“मला माहीत नाही. पण हे डॉक्टरनं बघायला हवं होतं. तेव्हाच.”

“ती म्हणाली होती.”

“हो.”

“मी तिला काय काय बोलले.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी निघालं आणि आडव्या असल्यामुळं कानांकडं ओघळलं. मी पुसायला कापूस उचलला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. शिवणाऱ्या बाईची पकड, म्हातारी असली तरी. “तू पुसू नकोस. मला उठव.” मी त्यांना उठवून बसवलं. अंगावर टॉवेल, केसांना पट्टी, गालांवर अर्धवट क्रीम. त्यांनी पिशवीत हात घालून फोन काढला आणि माझ्या पुढं केला. “तिचा नंबर पहिलाच आहे. लाव. मला नाही बोलता येणार तिच्याशी, मान वर करून. आणि मी का बोलू? तू बोल. मला जे सांगितलंस ते सगळं सांग तिला. काही वगळू नकोस.”

पडद्याच्या फटीतून मालकीण दिसत होती. तिनं मानेनं नाही नाही केलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती, माझ्या चेहऱ्यावर असेल तशीच. मी नंबर लावला. तीनदा वाजला, मग पलीकडून एकदम घाईचा, आशेचा आवाज आला, “मावशी?” मी म्हटलं, “मावशी नाही. मी पार्लरमधून बोलतेय, त्यांचा चेहरा मीच साफ करते.” मग मी सगळं सांगितलं. तारीख सांगितली, रक्ताचं सांगितलं, आता कसं दिसतंय ते सांगितलं, कड, शिरा, रुंदी. दाबत होते हे सांगितलं. निघाला म्हणत होते हेही. मध्ये दोनदा मी अडले आणि दोन्ही वेळा बाईंनी माझ्या दंडाला ढोसलं, पुढं बोल. भाचीनं मला शिवी दिली असती तर चाललं असतं, पण ती फक्त नीट, हळू आवाजात प्रश्न विचारत होती. शेवटी म्हणाली, “मी सहापर्यंत दवाखान्यात आहे. उद्या नको. आत्ता घेऊन या तिला. आणि तुम्ही पण या.” आणि फोन ठेवला.

बाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या, त्यांना जेवढं दिसतं तेवढं. “काय म्हणाली?”

“आत्ता या म्हणाली. मीही येतेय तुमच्याबरोबर.”

“आत्ता?” त्यांनी पट्टी सोडायला हात वर केले आणि ते तिथंच थबकले. “आत्ता म्हणजे काही घाईचं आहे का गं?”

नाही हो, तसं काही नाही, बाई, ती उगाच काळजी करते, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं, रोजच्यासारखं, आयतं.

“हो,” मी म्हटलं, आणि त्यांच्या चपला काढून पायांशी ठेवल्या.